फ्रेंच नेमकी कोणत्या शहरांत बोलली जाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका विद्यार्थिनीने फ्रेंचची बी-१ पातळी (युरोपीय मोजपट्टीवरच्या सहांपैकी तिसरी) पूर्ण केली आहे आणि आणखी दोन-तीन वर्षे या भाषेला द्यावीत की नाही, हे तिला ठरवायचे आहे. तिच्या पाठ्यपुस्तकातील नकाशात आफ्रिकेचा मोठा भाग फ्रेंच भाषकांचा म्हणून रंगवलेला आहे. उलट नोकरीनिमित्त तिकडे राहून आलेले तिचे मामा सांगतात की तेथे रस्त्यावर फ्रेंच कोणी बोलतच नाही. तेव्हा पॅरिसखेरीज जगातील कोणत्या शहरांत फ्रेंच खरोखर कानावर पडते, असे तिने विचारले आहे. मी गेली सव्वीस वर्षे फ्रेंच शिकवतो आणि दुभाषी म्हणून काम करतो, त्यामुळे यातील काही शहरांत मला दीर्घकाळ राहावे लागले आहे. नकाशा आणि मामा हे दोघेही आपापल्या जागी खरे बोलत आहेत, असे माझे मत आहे.

प्रथम एक गोष्ट सांगतो. तुम्ही देशांची यादी न मागता शहरांची मागितली, हे फार योग्य केले. फ्रान्स, बेल्जियमचा दक्षिण भाग, स्वित्झर्लंडचा पश्चिम भाग आणि कॅनडातील क्वेबेक एवढे प्रदेश सोडले, तर खेड्यापाड्यांतून बोलली जाणारी फ्रेंच जगात फारशी कोठे नाही. इतरत्र ती बंदरातून उतरली, कचेरी, न्यायालय आणि शाळा यांच्या मार्गाने पसरली आणि बहुतांशी शहरातच राहिली. खुद्द फ्रान्समध्येही काही वेगळे घडले नव्हते. धर्मगुरू आबे ग्रेग्वार यांनी १७९४ साली राज्यक्रांतीच्या सरकारपुढे जो अहवाल मांडला, त्यानुसार सुमारे अडीच कोटींहून अधिक लोकसंख्येच्या त्या देशात फ्रेंच अस्खलित बोलणारे लोक जेमतेम तीस लाख होते. बाकीचे ब्रेतों, ऑक्सितां, अल्सेशियन अशा आपापल्या भाषांत जगत होते. म्हणून नकाशावर रंगवलेला देश पाहून आपल्याला काहीच कळत नाही. प्रत्येक शहरापुढे वेगवेगळे प्रश्न ठेवावे लागतात: येथे फ्रेंच घरात बोलतात का, बाजारात बोलतात का, कचेरीत बोलतात का, की ती केवळ पाट्यांवर उरली आहे? फ्रेंचशी नाते असलेल्या देशांच्या आंतरराष्ट्रीय फ्रँकोफोनी संघटनेने २०२२ साली जगात ३२ कोटी १० लाख फ्रेंच भाषक असल्याचा अंदाज दिला, तेव्हा त्यात क्वेबेकमध्ये फ्रेंचमध्येच स्वप्ने पाहणारी आजी होती आणि सेनेगलची राजधानी डाकारमध्ये केवळ सरकारी अर्ज भरताना फ्रेंच वापरणारा कारकूनही होता.

लोकसंख्येच्या दृष्टीने पाहिले तर फ्रेंच ज्या शहराची अधिकृत भाषा आहे, असे सर्वांत मोठे शहर पॅरिस नसून काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी किन्शासा आहे. पॅरिस शहराची वस्ती सुमारे २१ लाख आणि उपनगरांसह सव्वा कोटीच्या घरात आहे; किन्शासाची वस्ती दीड कोटीच्या पुढे गेल्याचे मानले जाते. परंतु किन्शासाच्या रस्त्यावरची भाषा लिंगाला आहे. बेल्जियन राजवटीच्या लष्कराने ती आज्ञेची भाषा म्हणून वापरली, नदीवरच्या व्यापाराने ती वाहून नेली आणि पुढे काँगोच्या रुंबा संगीताने तिला घराघरांत पोहोचवले. शाळा, विद्यापीठ, न्यायालय, वर्तमानपत्रे आणि गोंबे भागातील कार्यालये मात्र फ्रेंचमध्ये चालतात. एका कारखान्याच्या उभारणीच्या वेळी मी तेथे दुभाषी होतो. स्थानिक अभियंता माझ्याशी उत्तम फ्रेंच बोलत असे आणि पुढच्याच क्षणी फिटरकडे वळून लिंगालामध्ये सूचना देत असे. मात्र त्या लिंगालातही नळाचा व्यास, तारीख, किंमत आणि वेळ हे सारे फ्रेंच आकड्यांत येत असे. आपण मराठीत बोलताना सहज ‘टू थर्टीला मीटिंग’ म्हणून जातो, तसाच हा प्रकार आहे. म्हणजे ज्याला फ्रेंच येते त्याचे किन्शासात कामकाज अडत नाही. परंतु विनोद, भांडण आणि शोक यांत त्याला प्रवेश मिळत नाही. पलीकडच्या तीरावर ब्राझाव्हिल आहे. तेथे फ्रेंचांची राजवट होती, किन्शासात बेल्जियनांची होती, आणि मध्ये केवळ काँगो नदी असलेल्या या दोन राजधान्यांत फ्रेंच आणि लिंगाला यांचा संसार मात्र जवळजवळ सारखाच आहे.

कोत दिव्वार (आयव्हरी कोस्ट) देशातील आबिजान शहराची गोष्ट याहून अगदी निराळी आहे आणि आफ्रिकेतील फ्रेंच समजून घ्यायची असेल तर तेथेच जावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. कोत दिव्वारमध्ये साठच्या आसपास भाषा आहेत आणि त्यांतील कोणतीही एक भाषा संपूर्ण शहराची होऊ शकली नाही. बाजारपेठेत द्युला चालते, पण डाकारमध्ये वोलोफ भाषेने किंवा मालीची राजधानी बामाकोमध्ये बांबारा भाषेने जे स्थान मिळवले ते आबिजानमध्ये तिला मिळाले नाही. कोको आणि कॉफीच्या मळ्यांमुळे देशाच्या सर्व भागांतून, तसेच बुर्किना फासो आणि माली येथून लोक आले. शेजारच्या खोलीतील बिऱ्हाडाशी बोलायचे तर कोणत्या भाषेत, हा प्रश्न रोजचा होता, आणि त्याचे उत्तर फ्रेंच हे निघाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांनीही ती रस्त्यावरच उचलली. मुंबईत गुजराती व्यापारी, तमिळ कामगार, उत्तरेकडचे टॅक्सीवाले आणि कोकणातले चाकरमानी यांनी मिळून जशी बंबैया हिंदी घडवली, तशी आबिजानने आपली फ्रेंच घडवली. त्यातून १९७० नंतरच्या काळात तरुणांची नुशी नावाची बोली तयार झाली. तिचा सांगाडा फ्रेंच, तर शब्द बाउले, द्युला, इंग्रजी असे मिळतील तेथून घेतलेले. आज त्या शहरात अशी असंख्य मुले आहेत की ज्यांची पहिली भाषा फ्रेंचच आहे आणि ज्यांना आजीची भाषा केवळ समजते, बोलता येत नाही.

आजामे भागातील बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईंशी मी भावाची घासाघीस फ्रेंचमध्ये केली, तेव्हा या शहराचे वेगळेपण मला प्रथम जाणवले. डाकारमध्ये हा प्रयोग केला असता तर विक्रेत्याने माझे पैसे घेतले असते, पण बाजूच्या गिऱ्हाइकाशी तो वोलोफमध्येच बोलत राहिला असता. येथे त्या बाई शेजारणीशीही फ्रेंचमध्येच बोलत होत्या. तिकडे दोन ओळखीची माणसे भेटली की ‘ऑं दी क्वा?’ असे विचारतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘काय म्हणतात?’ असा होतो. पॅरिसच्या माणसाला हे अभिवादन चमत्कारिक वाटते. आपल्याला, ‘काय म्हणताय?’ म्हणणाऱ्यांना, ते तत्काळ कळते. मिनीबसला तेथे ग्बाका म्हणतात, सामायिक टॅक्सीला वोरो-वोरो, आणि उघड्यावरच्या खाणावळीला माकी; हे शब्द कोणत्याही बी-१ च्या पुस्तकात नाहीत, पण पहिल्या दिवसापासून लागतात. गाबोनची राजधानी लिब्रव्हिल आणि कॅमेरूनमधील दुआला येथेही कमीअधिक फरकाने अशीच स्थिती आहे. दुआलात तर फ्रेंच, इंग्रजी आणि स्थानिक भाषा यांच्या मिश्रणातून कामफ्रांग्ले नावाची बोली उभी राहिली आहे.

तुमच्या मामांचा अनुभव बहुधा डाकार, बामाको किंवा नायजरची राजधानी न्यामे अशा एखाद्या शहरातला असावा. सेनेगलचे राष्ट्रगीत फ्रेंचमध्ये आहे, ते लिहिणारे पहिले राष्ट्राध्यक्ष सेंगोर १९८३ साली फ्रेंच अकादमीचे सदस्य म्हणून निवडले गेले, आणि तरीही डाकारच्या रस्त्यावर बहुतेक सर्वांचे चालते ते वोलोफवर. या बाबतीत एक सावधगिरी बाळगली पाहिजे, कारण भाषेचे अधिकृत स्थान एका पिढीतही बदलू शकते. रवांडाने २००८ मध्ये शाळांचे माध्यम फ्रेंचऐवजी इंग्रजी करण्याचे ठरवले आणि पुढच्याच वर्षी तो देश राष्ट्रकुलात गेला. आज किगालीतील तरुण इंग्रजीकडे आणि त्यांचे आईवडील फ्रेंचकडे वळतात, तर घरात दोघेही किन्यारवांडाच बोलतात. मालीने २०२३ च्या राज्यघटनेत फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढून तिला केवळ कामकाजाची भाषा ठेवले. बुर्किना फासो आणि नायजर यांनीही तोच मार्ग धरला आणि मार्च २०२५ मध्ये या तिन्ही देशांनी फ्रँकोफोनी संघटनेतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. मला याचे विशेष वाईट वाटते ते न्यामेमुळे, कारण ज्या करारातून ती संघटना जन्मली तो २० मार्च १९७० रोजी त्याच शहरात झाला होता. मात्र दर्जा गेला म्हणून तेथील वकील किंवा डॉक्टर दुसऱ्या दिवशी फ्रेंच विसरत नाहीत.

आता मॉन्ट्रियल. महाराष्ट्रातून फ्रेंच शिकणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग आज कॅनडाकडे डोळे लावून शिकतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. १९६० च्या सुमारास या शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच भाषक असूनही मोठे व्यापार, बँका आणि वरच्या जागा इंग्रजीच्या हातात होत्या. सेंट लॉरेंट बुलेव्हारच्या पूर्वेला फ्रेंच आणि पश्चिमेला इंग्रजी अशी वस्तीची विभागणीच होती. त्या अस्वस्थतेतून क्वेबेकमध्ये शांततापूर्ण क्रांती म्हणून ओळखले जाणारे परिवर्तन घडले आणि २६ ऑगस्ट १९७७ रोजी फ्रेंच भाषेची सनद, म्हणजेच प्रसिद्ध १०१ क्रमांकाचा कायदा संमत झाला. पाट्या, मोठ्या आस्थापनांतील कामकाज आणि मुख्य म्हणजे स्थलांतरितांच्या मुलांची शाळा, या तिन्ही गोष्टी त्याने फ्रेंचकडे वळवल्या. आईवडिलांपैकी कोणी कॅनडातच इंग्रजी माध्यमातून प्राथमिक शिक्षण घेतले असल्याशिवाय मुलाला अनुदानित इंग्रजी शाळेत प्रवेश सहसा मिळत नाही, त्यामुळे नाशिकहून किंवा नागपूरहून तेथे स्थायिक होणाऱ्या कुटुंबाचे मूल बहुधा फ्रेंच शाळेतच जाते. कायद्याने भाषा वाचत नाही असे म्हणणाऱ्यांना मी मॉन्ट्रियल पाहायला सांगतो. तेथे व्हिएतनामी, हैती आणि लेबनीज घरांतली मुले खेळाच्या मैदानावर एकमेकांशी फ्रेंचमध्ये बोलतात, आणि हे १९७७ पूर्वी जवळजवळ घडत नव्हते. २०२२ मध्ये ९६ क्रमांकाच्या कायद्याने हे नियम आणखी कडक केले आहेत. तरीही शहराच्या मध्यभागी दुकानात शिरताच ‘बोंजूर-हाय’ असे दोन्ही भाषांतले स्वागत होते आणि तुमच्या फ्रेंचमध्ये किंचित अडखळ दिसली की समोरचा माणूस सौजन्यानेच इंग्रजीकडे वळतो. शिकणाऱ्याला हे सौजन्य घातक ठरते. त्याने अडीच-तीन तासांवरच्या क्वेबेक सिटीत किंवा शेर्ब्रुकमध्ये राहावे. तेथे इंग्रजीचा आधार आपोआप सुटतो.

क्वेबेकची फ्रेंच ऐकताना प्रथम कान गोंधळतो, पण मराठी माणसाला येथे एक सोय आहे. तेथे ‘इ’ आणि फ्रेंच ‘यु’ या स्वरांआधी येणारा ‘त’ हा ‘त्स’सारखा आणि ‘द’ हा ‘द्झ’सारखा उच्चारला जातो. इंग्रजी माध्यमातून शिकवणारे शिक्षक हे समजावताना बराच वेळ घालवतात; मी वर्गात एवढेच सांगतो की ‘चाक’मधला च आणि ‘जाळे’मधला ज आठवा, कारण ‘चिंच’ आणि ‘जीव’ यांतील उच्चारांपासून ते वेगळे ठेवण्याची सवय आपल्या जिभेला बालपणापासूनच आहे. शब्दांचेही फरक आहेत. ‘देपानर’ म्हणजे फ्रान्समध्ये बंद पडलेली गाडी दुरुस्त करणारा, तर मॉन्ट्रियलमध्ये कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान. ‘दिने’ला बोलावले तर पॅरिसमध्ये रात्री जायचे असते आणि क्वेबेकमध्ये दुपारी.

कॅनडाबद्दल एक इशारा देतो. २०२३ पासून केंद्र सरकारच्या एक्स्प्रेस एंट्री या स्थलांतरितांच्या निवडीच्या योजनेत फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळी निवड सुरू झाली आहे आणि त्यासाठी लागणारी एनसीएलसी ७ ही (फ्रेंच मोजण्याच्या कॅनडाच्या मोजपट्टीवरची) पातळी ढोबळमानाने बी-२ च्या जवळ येते. ही निवड क्वेबेकबाहेर स्थायिक होणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे फ्रेंचच्या गुणांवर अर्ज मंजूर होऊन माणूस टोरांटो किंवा कॅलगरीत उतरतो, आणि तेथे महिनोन्महिने फ्रेंच त्याच्या कानावर पडत नाही. दोन वर्षांत भाषा गंजते. ती जिवंत ठेवायची असेल आणि क्वेबेकमध्ये जायचे नसेल, तर न्यू ब्रन्सविक या अधिकृतरीत्या द्विभाषिक असलेल्या एकमेव प्रांतातील माँक्टन शहराचा विचार करावा. तेथे अकादी लोकांचे, म्हणजे त्या भागातील जुन्या फ्रेंच वसाहतकारांच्या वंशजांचे, फ्रेंच विद्यापीठ १९६३ पासून आहे आणि शिआक नावाची, एका वाक्यात तीन वेळा इंग्रजीला शिवून येणारी, फ्रेंच बोली आहे. तिला शुद्धतावादी नावे ठेवतात. मला ती ऐकायला फार आवडते.

युरोपात ब्रुसेल्स आणि जिनिव्हा ही दोन नावे सर्वांना ठाऊक असतात. ब्रुसेल्स मुळात डच बोली बोलणारे शहर होते. १८३० नंतर बेल्जियमच्या राजधानीत प्रशासन, प्रतिष्ठा आणि शाळा फ्रेंचकडे गेल्या आणि पुढच्या काही पिढ्यांत शहराने भाषा बदलली. आज रस्त्याची प्रत्येक पाटी दोन भाषांत असते आणि व्यवहारात फ्रेंच बरीच पुढे आहे. मात्र रेल्वेने अर्ध्या तासावर गेंट आहे, आणि तेथे उत्साहाने फ्रेंच बोलू नये. भाषेवरून तो देश इतका दुखावलेला आहे की १९६८ च्या संघर्षानंतर लूव्हेनचे जुने विद्यापीठ दुभंगले आणि फ्रेंच विभागासाठी लूव्हेन-ला-नव्ह हे नवे गाव वसवावे लागले. गेंटमध्ये इंग्रजीत सुरुवात करणे हाच शिष्टाचार आहे. जिनिव्हाची एकमेव अधिकृत भाषा फ्रेंच आहे, परंतु संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था आणि सर्न ही अणुभौतिकीची प्रयोगशाळा यांच्या परिघात राहणाऱ्याला फ्रेंचशिवायही वर्षे काढता येतात. साठ किलोमीटरवरचे लोझान शिकणाऱ्याला अधिक मानवते. या शहरांत आकडे सोपे होतात. पॅरिसकर सत्तरला ‘साठ-दहा’ आणि ऐंशीला ‘चार विसा’ म्हणतात (आपल्याकडे जुनी माणसे विसांत मोजत, तशीच ही पद्धत), तर ब्रुसेल्स, जिनिव्हा आणि लोझान येथे सत्तरला ‘सेप्तांत’ आणि नव्वदला ‘नोनांत’ असे सरळ शब्द आहेत. ऐंशीसाठी ‘युइतांत’ म्हणणारे मात्र लोझानकडचे. जिनिव्हाने आणि ब्रुसेल्सने चार विसाच राखले आहेत.

कासाब्लांका, अल्जिअर्स, ट्युनिस आणि बैरूत या शहरांत फ्रेंच अधिकृत नाही आणि तरीही ती आहे. मोरोक्कोतील बँक, रुग्णालय, अभियांत्रिकी महाविद्यालय येथे ती रोज लागते. २०१९ च्या एका कायद्याने तर शाळांत विज्ञानाचे विषय पुन्हा फ्रेंचमधून शिकवण्याची वाट मोकळी केली. अल्जिरिया उलट दिशेने निघाला आहे आणि २०२२ पासून त्याने प्राथमिक शाळेत इंग्रजी आणली आहे. १८३० पासून १९६२ पर्यंतच्या राजवटीची आठवण तेथे ताजी आहे, त्यामुळे अल्जिअर्समध्ये फ्रेंच बोलताना समोरच्या माणसाची इच्छा पाहून बोलावे. बैरूतमध्ये ती शाळांतून टिकली. सेंट जोसेफ विद्यापीठ १८७५ पासून आहे आणि फ्रेंच दैनिक आजही निघते, परंतु तरुण पिढी इंग्रजीकडे झुकते आहे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे वाटावे असे शहर पोर्ट लुई आहे. मॉरिशस बेट १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकले, पण रहिवाशांची भाषा, धर्म आणि कायदे कायम ठेवण्याचे मान्य केले, आणि त्या एका अटीचा परिणाम आजही दिसतो. संसदेचे कामकाज इंग्रजीत चालते, मात्र सदस्याला फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा आहे. शाळेची परीक्षा इंग्रजीत होते. सकाळी माणूस वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचतो. आणि घरात, बसमध्ये, बाजारात बोलतो ती क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तेथील भाषा. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून जे भारतीय तेथे नेले गेले, त्यांत रत्नागिरीकडून मुंबई बंदरामार्गे गेलेली मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज आज गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असलेल्या देशात राहतात, मुलांना शाळेत मराठी हा विषय देतात, आणि एकमेकांशी क्रिओलमध्ये बोलतात. तेथील एका मराठी शिक्षकांशी माझे पहिले अर्धे संभाषण फ्रेंचमध्ये झाले. नंतर त्यांनी आजीकडून ऐकलेली एक ओवी म्हटली आणि आम्ही दोघेही थांबलो.

पुदुच्चेरीबद्दल मात्र अपेक्षा मर्यादित ठेवावी. फ्रेंचांनी १ नोव्हेंबर १९५४ रोजी ते शहर भारताच्या हाती सोपवले आणि कायदेशीर हस्तांतर १९६२ मध्ये पूर्ण झाले. त्या वेळी ज्यांनी फ्रेंच नागरिकत्व पत्करले त्यांचे वंशज तेथे आहेत, ते फ्रान्सच्या निवडणुकांत मतदानही करतात, १८२६ पासूनचे फ्रेंच विद्यालय चालू आहे. पण रस्त्यावर तमिळच ऐकू येते. पाट्या पाहून भारावून जाण्याऐवजी तेथील फ्रेंच संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आठवडाभर बसावे. हनोईत आणि न्यू ऑर्लीन्समध्ये तर फ्रेंच शब्दांत, पदार्थांत आणि इमारतींतच उरली आहे. तेथे भाषेसाठी जाऊ नये.

तुमच्या निर्णयाबद्दल माझे मत असे आहे. व्यापार, अभियांत्रिकी किंवा आरोग्य या क्षेत्रांत काम करायचे असेल, तर आबिजान आणि कासाब्लांका ही शहरे डोळ्यांसमोर ठेवून बी-२ पर्यंत अवश्य जा, कारण तेथे इंग्रजी पुरत नाही आणि फ्रेंच येणारे भारतीय फार थोडे आहेत. कुटुंबासह स्थायिक व्हायचे असेल, तर क्वेबेक. केवळ विद्यापीठीय फ्रेंच हवी असेल, तर ल्यों, लोझान किंवा लूव्हेन-ला-नव्ह यांपैकी कोठेही बिघडत नाही. तोपर्यंत पुण्यात बसून एक काम आजपासून करता येईल: फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय नभोवाणीबरोबरच किन्शासाच्या रादिओ ओकापीच्या आणि कॅनडाच्या फ्रेंच नभोवाणीच्या बातम्या रोज पंधरा-पंधरा मिनिटे ऐका, आणि प्रत्येकीतील आकडे तेवढे वहीत उतरवून काढा. तिन्हींचे आकडे न थांबता लिहिता आले की मला पुन्हा लिहा. पुढचे शहर तेव्हा ठरवू.